घंटा न वाजलेला पेपर

सकाळी ग्रंथालयाच्या खिडक्या उघडल्या की आधी धुकं आत येतं आणि त्याच्या मागोमाग ओल्या तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास. हा वास आला की मला तारीख बघावी लागत नाही. नोटीस बोर्डावर हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं असणार, आमच्या शिपायानं, देवाजीनं, घंटेच्या लोखंडी रुळाला नवी दोरी बांधलेली असणार, आणि पहिल्या पेपराला निम्म्या मुलींच्या बोटांवर विळ्याचे काप असणार. आमच्याकडे भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाची कापणी आणि विद्यापीठाची परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. विद्यापीठ नागपूरला आहे. धान कधी पिकतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं.

मी सानगडीहून स्कूटीवर येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्यांमध्ये कडपा पडलेल्या असतात, म्हणजे कापून वाळायला आडवा टाकलेला धान. ज्यांचं आटोपलं त्यांची पुंजणी, भाऱ्यांचे उंच ढीग, उभी राहिलेली असतात. कुठे मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा, मांडव पडत असतो, कुठे नाटकाचं पोस्टर बाभळीला खिळलेलं असतं. तलावाच्या पाळीवरून वळलं की कॉलेजची बैठी इमारत दिसते आणि तिच्यामागे नाला, नाल्यापलीकडे जंगल चढत गेलेली टेकडी. पंचवीस वर्षं मी हा रस्ता करते आहे. कंटाळा आला, असं कधी वाटलं नाही. पावसाळ्यात कंबर मोडते ती गोष्ट वेगळी.

कॉलेजच्या मैदानात एक हिरवी पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'आपत्कालीन एकत्रीकरण स्थळ'. यंदाही पाटीच्या बुडाशी कुणीतरी धान वाळायला घातलाय आणि पाटीच्या दांड्याला आपला दुपट्टा व पाण्याची बाटली टांगलीय. पूर्वी मी हाकलायला जायची. आता जात नाही. इतकी सपाट, कोरडी जागा गावात दुसरी नाही. आपत्ती काही रोज येत नाही, धान मात्र दरवर्षी वाळवावा लागतो.

ती पाटी माझी. म्हणजे लिहून रंगवून घेतलेली मी. छोट्या कॉलेजात ग्रंथपालाला काम नसतं असा एक समज आहे, आणि तो समज प्राचार्यांपासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा असतो. त्यामुळे ज्या समितीला कुणी मिळत नाही ती समिती ग्रंथालयात येते. एका श्रावणात विद्यापीठाचं पत्र आलं की प्रत्येक कॉलेजनं आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार करावा, समन्वयक नेमावा, हिवाळी परीक्षेपूर्वी सराव घ्यावा. आमच्या प्राचार्य सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि ग्रंथालयाच्या दाराकडे बघितलं. सर अमरावतीकडचे, स्वभावानं सज्जन, पण कागदाला फार भिणारे.

भंडाऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाहेरून आलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. भूकंप, आग, पूर, चेंगराचेंगरी. सोबत नमुन्याचा आराखडा दिला, तो कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या कॉलेजचा होता. त्यात लिहिलं होतं की लाट येताना दिसल्यास किनाऱ्यापासून दूर पळावं. माझ्या शेजारी बसलेल्या एका सरांनी ते पान शांतपणे वहीत उतरवून घेतलं. मी ते पान गाळलं, त्याचा मला पुढे बरेच दिवस अभिमान होता. आपण डोळे उघडे ठेवून काम करतो, नुसती नक्कल करत नाही, असं मी घरी दोनदा तरी सांगितलं असेल.

त्याच अभिमानाच्या भरात मी लाडवांचं केलं.

नमुन्यात आपत्कालीन साहित्याची यादी होती. बॅटरी, दोर, शिट्टी, प्रथमोपचार पेटी. शेवटी एक ओळ होती, 'स्थानिक पातळीवर मिळणारा, कोरडा, टिकाऊ व पौष्टिक आहार'. बाकी कॉलेजांनी बिस्किटांचे पुडे घेतले. मी म्हटलं, आपल्याकडे मोह असताना बिस्किटं कशाला? वाळवलेली मोहफुलं भाजून, कुटून, त्यात तीळ आणि गूळ घालून केलेले लाडू दोन-तीन महिने सहज टिकतात, आणि एक खाल्ला की माणूस दुपारपर्यंत धान कापू शकतो. देवाजीच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, पत्र्याचं पिंप भरून लाडू करून दिले. पिंप मागच्या कोठीत ठेवलं. देवाजी आमच्याकडचा सगळ्यात जुना शिपाई. त्यानं पिंप ठेवताना नाक वर करून वास घेतला.

"मॅडम, याचा वास दूर जाते जी."

"झाकण घट्ट आहे, देवाजी."

"झाकन घट्ट आहे, पन लाडूबी गोड आहेत न," तो म्हणाला. त्याचा अर्थ मला नंतर कळला. सर दुपारच्या चहाबरोबर एक मागवायचे, देवाजी आणून द्यायचा आणि येताना आपलाही हिस्सा उचलायचा. रोज उघडलेलं झाकण घट्ट कसं राहणार?

आता सरावाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. दसरा होऊन गेला होता, लवकर येणारा हलका धान कापणं चालू होतं. आराखड्यात मी लिहिलं होतं की संकटाची सूचना म्हणजे थांबल्याशिवाय वाजणारी घंटा. घंटा ऐकताच सर्वांनी वर्ग सोडून बाणांच्या दिशेनं मैदानात जावं आणि पाटीपाशी रांगेत उभं राहावं. बाण मी स्वतः भिंतींवर चिकटवले होते. सर हातात घड्याळ धरून व्हरांड्यात उभे राहिले आणि देवाजीनं रूळ बडवायला सुरुवात केली.

पोरं वर्गांतून बाहेर पडली आणि बाणांच्या उलट, थेट घंटेकडे धावत आली. काय झालं, कुणाला झालं, कुठे झालं, असं विचारत त्यांनी देवाजीला घेरलं. तोवर शेतांतून आरडाओरडा ऐकू आला. बांधावरून माणसं येत होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात विळा. दोघी बायका पाण्याच्या बादल्या घेऊन पळत होत्या. सगळ्यात पुढे एक म्हातारबुवा ओलं पोतं खांद्यावर टाकून आले आणि सरांच्या समोर धापा टाकत उभे राहिले.

"कुठी लागली आग?"

"आग नाही, सराव आहे," सर म्हणाले.

"सरप? कोनाले चावला?" म्हातारबुवांनी विचारलं.

चार मिनिटांत जे आवार रिकामं व्हायला हवं होतं ते चार मिनिटांत गच्च भरलं. पाटीपाशी कोणीच नव्हतं, तिथे धान होता. मी त्या दिवशी फार चिडले. आपल्या लोकांना शिस्त नाही वगैरे जे बोलायचं ते बोलले. देवाजी रुळावरचा हातोडा खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, इकडं घंटा वाजली का मानूस जवळ येते. डुकरं धानात शिरली, पुंजन्याले आग लागली, का घंटा नाहीतर डबा वाजते. दूर पळाले कायले वाजवल कोनी?" अहवालात मी 'सरावास ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' असं लिहिलं आणि फोटो जोडला. विद्यापीठाकडून कौतुकाचं पत्र आलं.

मला ती गर्दी नंतरही अधूनमधून आठवायची. राग ओसरल्यावर तिच्यात काहीतरी छान दिसायला लागलं. भिंतीवर चिकटवलेले सगळे बाण बाहेर जाणारे, आणि माणसांचे पाय सगळे आत येणारे. काय झालंय हे माहीत नसताना ओलं पोतं घेऊन धावत येणारा म्हातारा कुठल्या आराखड्यात बसवायचा? त्या वर्षी तरी मला ते जमलं नाही.

मग परीक्षा आली. आमच्या इमारतीची रचना सांगायला हवी. ओळीनं खोल्या, पुढे व्हरांडा. टोकाला खोली क्रमांक तीन, ती सगळ्यात मोठी. तिला लागून मागच्या बाजूला कोठी. मधलं दार लोखंडी, कारण कोठीत पूर्वी प्रश्नपत्रिका ठेवायचे. दाराची कडी तीनच्या बाजूनं. कोठीची एक खिडकी नाल्याकडे उघडते, तिचं झडप पावसानं कुजलं होतं. दुरुस्तीचा अर्ज मीच दिला होता आणि मीच विसरले होते.

त्या दिवशी अकराचा पेपर होता, समाजशास्त्राचा. आभाळ आलेलं, त्यामुळे सगळ्या गावाचं लक्ष वर. तीन नंबरात चाळीसेक विद्यार्थी. पेपर सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती, मी व्हरांड्यात देखरेखीला होते, तेव्हा वैशाली धावत आली. केसांत तणशीची काडी, पदर खोचलेला, हातात प्रवेशपत्र. लग्न झाल्यावर तिचं शिक्षण सुटलं होतं. चार वर्षांनी सासरच्यांना पटवून ती उरलेला एक विषय द्यायला आली होती. जुना अभ्यासक्रम बंद होत होता, ही त्याची शेवटची परीक्षा. पेपर सुटला की पदवी गेली, पुन्हा पहिल्यापासून.

"किती वाजले?" मी दरडावलं.

"पाहाटपासून कापून राहिलो जी. आभाळ पाहून सासूबाई सोडत नव्हत्या." ती रडकुंडीला आली होती. "मॅडम, ह्या खेपेले नाही झालं त कधीच होत नाही."

मी तिच्या केसांतली काडी काढली आणि आत सोडलं. तिचा बाक शेवटचा, बरोबर त्या लोखंडी दाराला लागून.

अर्धा तास होत आला होता. वर्गातलं लोखंडी दार वाजू नये म्हणून देवाजी पुरवण्यांचा गठ्ठा काढायला मागच्या बाजूनं कोठीच्या खिडकीकडे गेला आणि फार हळू चालत परत आला. एवढा हळू चालताना मी त्याला पाहिलं नव्हतं. माझ्याजवळ येऊन त्यानं आवाज अगदी खाली आणला.

"मॅडम, बोलू नका. तुमचे लाडू खायले पाव्हना आला आहे."

"कोण?"

"अस्वल. खाऊन झाले त्याचे. आता पिंपाले पाय लावून झोपून आहे."

भीती होतीच, पण तिच्याआधी लाज वाटली. आपत्ती येऊ नये म्हणून मांडलेल्या सामानानंच आपत्तीला टेकडीवरून बोलावून आणलं होतं. मोहाचा वास आला की अस्वल येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आराखडा लिहिताना ते ज्ञान मी घरी ठेवून आले होते.

सरांच्या खोलीत गेले. सर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "आराखडा काढा. त्यात काय लिहिलंय?"

"घंटा वाजवा म्हणून लिहिलंय."

"मग वाजवा!"

"नको सर. दसऱ्यानंतरचं आठवा."

आम्ही दोघांनीही खिडकीतून बाहेर बघितलं. आजूबाजूच्या बांध्यांत पन्नास माणसं विळे घेऊन वाकलेली. रुळावर दोन ठोके जादा पडले असते तर ती सगळी काठ्या घेऊन कोठीपाशी आली असती, आणि झोपेतून उठलेलं अस्वल त्यांच्या मधोमध. सरांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग वनविभागाला फोन लावला आणि माझ्याकडे दिला.

पलीकडचा माणूस शांत होता. "झोपलं आहे न? मंग झोपू द्या. मागची वाट मोकळी ठेवा. गर्दी जमू देऊ नका. लोखंडी दार आहे, कडी आहे, त पोरायले बाहेर काढू नका, आत आहेत तेच बरं. बाक-खुर्च्या ओढू नका. आमी येऊन राहिलो, तासभर लागते."

तासभर. देवाजीनं रुळाचा हातोडा स्वतःच्या खिशात घातला, कुणी चुकून वाजवू नये म्हणून. दर अर्ध्या तासाची घंटा त्या दिवशी वाजली नाही. तो दाराशी येऊन बोटं दाखवायचा. मैदानात धान उलथवणाऱ्या बायकांना तिथून हलवायचं होतं, पण खरं सांगितलं तर दहा मिनिटांत सारं गाव आलं असतं. तो त्यांच्यापाशी गेला आणि काहीतरी पुटपुटला. बायकांनी पटापट टोपल्या उचलल्या आणि नाहीशा झाल्या.

"काय सांगितलंस?"

"भरारी पथक येऊन राहिलं म्हटलं, नागपूरचं."

मी तीन नंबरात जाऊन बसले. तिथल्या पर्यवेक्षक सरांना कानात सांगितलं, ते टेबलाला धरून उभे राहिले. मी लोखंडी दाराची कडी बघितली. घट्ट होती. आमचे बाक लोखंडी पायांचे आणि फरशी शहाबादी. एक बाक सरकला तरी दात शिवशिवतात असा करकरणारा आवाज येतो. मी एकेका पोराकडे बघत होते, कोण उठतंय, कोण पुरवणी मागतंय. वर्गात होत्या तेवढ्या पुरवण्या मी स्वतः वाटल्या, मागायच्या आधीच. तोवरच्या नोकरीत परीक्षेची शांतता मला कधी एवढी आवडली नव्हती. पेनांची कुरकुर, कुणाचा सुस्कारा, बाहेर आभाळाखाली होल्याचं घुमणं.

एकदा वैशालीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. काही विचारणार असं वाटून मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं मान हलवली आणि परत लिहायला लागली. थोड्या वेळानं मात्र ती शेजारच्या मुलीकडे वळली, तिची ओढणी धरली आणि काहीतरी कुजबुजली. माझं टाळकं सरकलं. शेवटची संधी, चार वर्षांनी, आणि तरी कॉपी! नियमाप्रमाणे मी तिला तिथल्या तिथे उठवायला हवं होतं. मी दोन पावलं टाकलीही. मग बाकाच्या आवाजाची आठवण झाली आणि थांबले. पेपर झाल्यावर बघू, असं मनाशी म्हटलं.

एक वाजायच्या सुमाराला वनविभागाची गाडी इंजिन बंद करून उतारावरून घरंगळत आत आली. खाकीतली माणसं उतरताना खिडकीतून पोरांना दिसली आणि त्यांनाही भरारी पथकच वाटलं. वर्ग आणखी चिडीचूप झाला. मधल्या रांगेतल्या एका महाशयांनी खिशातली चिठ्ठी तोंडात टाकून गिळली. मी बघितलं आणि सोडून दिलं.

दोन वाजता पर्यवेक्षक सरांनी व मी हलक्या हातांनी पेपर गोळा केले. "बाक न ओढता उठा, साहेब बसलेत," एवढंच मी सांगितलं. चाळीस जणं पाय न वाजवता व्हरांड्यातून गेली. वनविभागाच्या लोकांनी कोठीच्या खिडकीला आतून चढता येईल अशी फळी लावली होती आणि ते नाल्याच्या बाजूनं दूर जाऊन बसले होते. चारच्या सुमाराला अस्वल जागं झालं. फळीवरून बाहेर आलं, अंग झाडलं, नाला ओलांडून टेकडी चढून गेलं. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. वनरक्षक म्हणाला, "पोट भरलं होतं त्याचं, बिचाऱ्याचं." आभाळही तोवर निवळलं होतं. कॉपीचं मी त्या गडबडीत विसरून गेले.

ही हकिगत पुढे मला फार उपयोगी पडली. प्राचार्य सरांनी ती विद्यापीठात सांगितली, मग मला कार्यशाळांना बोलावणी यायला लागली. मी छान सांगते. घंटेची गंमत, पथकाची गंमत, आणि शेवटी, 'संकटात डोकं शांत ठेवणारं एक माणूस पुरतं'. टाळ्या पडतात. आराखडाही मी सुधारला. आता घंटेच्या रकान्यात 'प्रसंग पाहून' असं आहे. कोठीत बिस्किटं आहेत. गावातल्या माणसांची नावं आहेत, कोणाकडे दोर, कोणाकडे ट्रॅक्टर. त्या ओल्या पोत्यावाल्या म्हातारबुवांचंही नाव आहे. 'शांतता राखणे' या कामापुढे जबाबदार व्यक्ती म्हणून इतकी वर्षं माझं नाव होतं.

गेल्या आठवड्यात मी त्याच फाइलची यंदाची प्रत काढत बसले होते आणि ग्रंथालयाच्या दारात वैशाली उभी. पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला आली होती. इतक्या वर्षांनी, कारण आता अंगणवाडीच्या कामाला ते लागणार होतं. समोरच्या खुर्चीत बसली, प्रमाणपत्र मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरलं. मुलं किती, धान कसा झाला, असं बोलून झालं. मग हसून म्हणाली, "मॅडम, अस्वलाच्या पेपराले तुमी लय भेल्या होत्या न?"

"तुला काय माहीत? तुम्हाला तर सगळं संध्याकाळी कळलं."

"संध्याकाळी नाही जी. मले पह्यल्या अर्ध्या तासातच मालूम झालं."

मी पेन खाली ठेवलं.

"वास आला. मोह वेचायले जातो न आमी, तो वास एकदा नाकात बसला का जात नाही. आन् दाराच्या खालून घोरनं येऊन राहिलं होतं. तुमाले मालूम आहे का नाही ते पाहाले मी वर पाहलं. तुमी ओठावर बोट ठेवलं. मले बरं वाटलं, म्हटलं मॅडमलेबी मालूम आहे."

"आणि तू तशीच बसून राहिलीस?"

"उठली असती त शेजारची उठली असती, मंग सारेच उठले असते. माझ्या बाबाच्या मानेवर निशान आहे पंजाचं. ते अस्वल झोपलंच होतं, बाबा पाय न वाजवता निघून येत होते. सोबतची मानसं दूर होती, त्यायले वाटलं बाबा फसले. वाचवाले म्हणून त्यायनं डबे वाजवले. मंग ते उठलं." तिनं हे अगदी सरळ सांगितलं, कुणावर राग नसल्यासारखं. "बाबा बरे आहेत आता. यंदाचं पुंजनं त्यायनंच रचलं."

मला एकदम ती ओढणी आठवली. "आणि त्या मुलीला तू काय सांगत होतीस?"

"ते? ते उठून राहिली होती बाहेर जाले. मी तिची ओढनी धरली, म्हटलं मले चक्कर येऊन राहिली, तू उठू नको, माझ्याजवळ बस. अस्वलाचं नाव घेतलं असतं त ओरडली असती न."

मी तिला सांगून टाकलं. की मी ते कॉपी समजले होते, दोन पावलं टाकली होती, बाकाच्या आवाजाला भिऊन थांबले नसते तर तिची पदवी त्या दिवशी माझ्याच हातानं गेली असती. आणि त्या शांततेवर मी गावोगाव भाषणं देत फिरते. ती ऐकत होती. मग मोठ्यानं हसली.

"देत जा न मॅडम, कायले नाही? माझं त चांगलंच झालं. आभाळ होतं, कडपा पडून होत्या, अर्ध्या वेळात पेपर देऊन पळाचं ठरवलं होतं मी. उठताच येत नव्हतं. मंग बसल्या बसल्या सोडलेले प्रश्नबी लिहून काढले. सर्व्यात जास्त मार्क त्याच पेपराले भेटले."

मी फाइल तिच्यासमोर उघडली, 'शांतता राखणे' या ओळीतलं माझं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. तिनं वाकून वाचलं, पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, जाते जी, धान वाळत घातला आहे तुमच्या पाटीपाशी. तर तो धान हिचा होता.

ती उठली. ग्रंथालयात दुसरं कुणी नव्हतं, टेकडीवरून कुणी आलेलं नव्हतं. तरी तिनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, मागे नेली आणि फरशीवर अलगद टेकवली. दार तसंच लावून ती गेली. थोड्या वेळानं घंटा झाली, दुपारच्या पेपराची. मी माझी खुर्ची उचलूनच मागे सरकवली.